अठ्ठावीस नंबरची पँट

बर्नडीन कुझनियारला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं तिचा सख्खा भाऊ कॅझ चारचौघांत सांगत असे, आणि तिनेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. एकोणीस वर्षं ती शहराच्या संघाचे कपडे धूत होती. सरावात कोण किती पळाला हे वर्तमानपत्रवाल्यांना रविवारच्या सामन्यात कळायचं. बर्नडीनला बुधवारीच, पँटी उलट्या करताना. कुल्ल्यावर गवताचा हिरवा डाग म्हणजे गडी नुसताच आपटला. गुडघ्यावर निळा रंग म्हणजे मैदानाच्या शेवटच्या निळ्या पट्टीत, जिथे पोचलं की गुण मिळतात तिथे, चेंडू घेऊन शिरायचं काम त्याला दिलंय. हा निळा रंग साबणाला दाद देत नाही. दोनदा ब्रशने घासावा लागतो, आणि घासता घासता माणूस विचार करतोच.

पण केलेला विचार तोंडाबाहेर काढायचा नाही, अशा कागदावर तिची सही होती. शब्द बाहेर गेला की नोकरी गेली. नवरा, स्टॅन, वारल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतंच, त्यामुळे हे तिला फारसं जड गेलं नव्हतं.

जड जायला लागलं ते या सप्टेंबरपासून. कॅझ दोन गल्ल्या सोडून राहायचा. स्टॅन गेल्यावर चार वर्षांत तिच्या दारात आला असेल तो नाताळपुरता. आणि आता एकाएकी दर गुरुवारी संध्याकाळी जेवायला ये! कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा काय, राईचा पाव काय, वर 'आणखी घे गं' काय. पाणी कुठे मुरतंय ते बर्नडीनला पहिल्याच घासाला कळलं.

कॅझची बारा जणांची टोळी होती. हे बाप्ये मोसमाच्या सुरुवातीला खरे खेळाडू आपसांत वाटून घेत आणि कागदावर आपापला संघ मांडत. रविवारी मैदानात ज्याचा खेळाडू जास्त पळेल, त्याला गुण जास्त. यंदा कॅझने बर्नडीनच्याच संघातला अठ्ठावीस नंबर उचलला होता: टेरिल मॅबरी, बावीस वर्षांचं पोरगं. सगळे फिदीफिदी हसले. चेंडू घेऊन पळणारे त्या संघात आधीच दोन होते, एक मुरलेला आणि एक रेड्यासारखा दांडगा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर तिसरी घुसली होती. पोराच्या वाट्याला चेंडू येणार कधी, हे प्रशिक्षक कुणाला सांगत नव्हता. सांगू शकणारी एकच पँट होती, आणि ती बर्नडीनच्या हातात होती.

'कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी,' ती मनाशी म्हणाली. तरी एकही गुरुवार चुकवत नव्हती. एकटीने ओट्याशी उभं राहून सूप पिण्यापेक्षा संशयाने खाल्लेलं गरम जेवण बरं लागायचं, आणि स्वतःची ही गोष्ट तिला मुळीच आवडत नव्हती.

तीन गुरुवार कॅझने काहीच विचारलं नाही. त्याने तर तिचा संशय दुप्पट झाला. चौथ्या गुरुवारी पावाची ताटली पुढे करता करता तो म्हणाला, "काय गं, ते पोरगं बरंय ना? दमतंबिमतं का?"

त्याच्या बायकोने, जोॲनने, टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती लागली बर्नडीनला.

"कोण पोरगं?"

"अगं, अठ्ठावीस."

आदल्याच दिवशी त्या पँटचे दोन्ही गुडघे निळेशार होते. बर्नडीनने शांतपणे पाव मोडला. "त्याची पँट? कोरी करकरीत. न धुता घडी घातली तरी चालेल."

खोटं सांगितलं तर सही मोडत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. भाऊ काय करतो ते तरी कळेल.

कळलं. रविवारी मॅबरी तीनदा त्या पट्टीत शिरला. सोमवारी जोॲनचा फोन आला. "अगं, आमच्या शहाण्याने त्या रविवारी त्याला यादीतून बाहेर बसवला होता. टोळीतल्या गर्नी प्लंबरकडून हरला. सगळे टर उडवतायत."

आपलं खरं ठरलं म्हणून बर्नडीनला बरं वाटायला हवं होतं. फोन ठेवला आणि तिला रडू आलं. तो खिमा, ते 'आणखी घे गं', सगळं एका पँटसाठी! पुढच्या गुरुवारी ती गेली नाही.

साडेसहाला कॅझ झाकलेलं भांडं घेऊन दारात हजर.

"आली नाहीस ती? जोॲन माझं डोकं खातेय."

"मी तुला खोटं सांगितलं होतं."

"ते कळलं मला, पोरगं तिसऱ्यांदा शिरलं तेव्हा. पहिल्या दोनदा वाटलं, आपलं नशीबच फुटकं."

"त्याच्यासाठीच बोलावत होतास ना मला?"

कॅझने भांडं टेबलावर ठेवलं. "पहिल्या गुरुवारी होतं मनात. नाही कशाला म्हणू? दुसऱ्या गुरुवारी तू स्टॅनच्या घोरण्याची नक्कल केलीस, जोॲन हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मग विचारायची लाज वाटायला लागली. गेल्या गुरुवारी जीभ घसरली."

"घसरली म्हणे!"

"बरं, हे बघ." त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. त्याच्या यादीत मॅबरी नव्हता. "गर्नीला देऊन टाकला. काल."

"बदल्यात काय घेतलंस?"

"एक म्हातारा, किक मारणारा. इतक्या स्वस्तात का दिला, पोराचा गुडघा गेलाय का, म्हणून गर्नीचे सकाळपासून चार फोन झाले. झोप उडालीय बिचाऱ्याची. आता तुला विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नाही. जेव आता."

बर्नडीनने ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कुठेतरी गोम असणारच. ती सापडेना.

काल धुवायला आलेल्या चेंडू घेऊन पळणाऱ्या तिघांच्या पँटींपैकी दोन कोऱ्या होत्या, निळे गुडघे फक्त अठ्ठावीसचे. यापुढे चेंडू त्या पोराकडेच राहणार, साऱ्या मोसमभर, हे तिला माहीत होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायचं होतं ते नेमकं याच माणसाला.

"मूर्खा," ती म्हणाली.

कॅझने तिचा चेहरा नीट वाचला. मग हळूच त्याने विचारलं, "त्याला देऊन टाकला, ती एवढी मोठी चूक?"

"भांडं उघड आणि बस इथे," बर्नडीन म्हणाली. "मला एकटीला नाही जेवायचं."