तिघांनी ऐकलेला पक्षी

आमचा दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. गिऱ्हाइकाच्या नंबरात पावाचा फरक पडला तर त्याला घास जात नाही. हाच काटेकोरपणा त्यानं आमच्या पक्ष्यांच्या दिवसातही घुसवलाय.

वसंतात पक्षी उत्तरेकडे परतायला लागले, की एका रविवारी उजाडल्यापासून मावळेपर्यंत जमतील तेवढे पक्षी नोंदवायचे. दादा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त बसड्रायव्हर आणि मी, त्याची धाकटी बहीण. नियम दादाचा: तिघांनाही दिसला किंवा ऐकू आला, तरच वहीत. माझ्या जागी आधी दादाचे शाळेतले मास्तर होते. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा दादानं तोंडावर सांगितलं, "मास्तर, आता थांबा. नियम म्हणजे नियम." मला ते मुळीच पटलं नव्हतं, आणि मी तसं बोललेही होते.

यंदा सकाळपासून मी एक गोष्ट बघत होते. ड्रायव्हरचे कान तिखट. आवाज आला की तो बोट कानाशी नेतो. दादा लगेच म्हणायचा, "ऐकला. लिही!" पण त्याची नजर तळ्याकाठच्या लव्हाळ्यात नव्हती, ड्रायव्हरच्या बोटावर होती. घरीसुद्धा बेल दाबून दाबून माझं बोट दुखतं, पण विषय काढला की हा खेकसतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लिहीत राहिले.

दुपार कलली तेव्हा एकोणऐंशी झाले होते. आमचा उच्चांकही तेवढाच. तेवढ्यात ड्रायव्हरचं बोट कानाशी गेलं.

"ऐकला!" दादा ओरडला. "वटवट्या! लिही, ऐंशी!"

"अरे, कानात चिलट गेलंय माझ्या," ड्रायव्हर म्हणाला.

एरवी मी हसून लोळले असते. दादा मटकन बांधावर बसला.

"बारीक आवाजाचे एकही नाही ऐकू येत," तो म्हणाला. "थंडीपासून." मग वही ओढून त्यानं स्वतःच अकरा नावांवर काट मारली. "आता मीही थांबतो. नियम माझाच आहे."

माझं डोकंच फिरलं. "थांबतो म्हणे! डोळे शाबूत आहेत ना? ऊठ! ऐकू येत नाहीत ते बघायचे."

मग काय, तिघंही गुडघाभर चिखलात. मावळेपर्यंत अकरातले पाच सापडले. आणि शेवटी तो मघाचा वटवट्याही. अंगठ्याएवढा, मातकट, काडीला बिलगलेला. इतकी वर्षं दादा त्याला नुसता ऐकून पुढे जायचा. आज दुर्बिणीतून त्याचा गळा थरथरताना दिसला.

"केवढ्यानं ओरडतोय गं," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

वहीत चौऱ्याहत्तर. इतका कमी आकडा कधीच नव्हता. परतताना मास्तरांच्या गल्लीशी दादानं गाडी थांबवायला लावली.

"असा चिखलानं बरबटून? काय सांगणार आहेस त्यांना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नियम चुकला होता म्हणून."

मी मागोमाग गेले. दादानं बेल दाबली, थोडा थांबला, मग माझ्याकडे वळला.

"वाजली का गं?"

"वाजली, दादा," मी म्हटलं.