नवरी क्रमांक एक

आमची शुभांगी घाबरट. धाकटी जाऊ म्हणून नावं ठेवते असं नाही, माझा जीव आहे तिच्यावर. पण गॅस बंद केला का हे बघायला बसस्टॉपवरून परत येणारी बाई ती. अशा बाईने स्वतःची वेबसाइट काढावी, हेच मुळात नवल.

पाथर्डीला आमचा शेवंतीचा आणि निशिगंधाचा मळा आहे. फुलं बाजारात सगळेच विकतात. शुभांगी त्यातली कळी न् कळी निवडून हळदीच्या नवरीचे दागिने करते, बिंदी, बाजूबंद, कमरपट्टा. सहा वर्षांत शंभरावर नवऱ्या तिने सजवल्या असतील. पण तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, 'ती पाथर्डीची फुलंवाली' एवढीच ओळख. ते कुठेतरी तिला लागायचं.

गेल्या महिन्यात तिने मनावर घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून, आयता साचा घेऊन, पंधरा दिवस ती साइट जुळवत होती. 'माझ्याविषयी' ह्या पानापाशी तीन दिवस अडली. काय लिहू ताई, मी असं काय केलंय, म्हणून माझं डोकं खायची. शेवटी कशाबशा चार ओळी झाल्या. मग फोटो लावले. फोटोखाली साच्यात लिहायला जागा होती, तिथे तिने लिहिलं नवरी एक, नवरी दोन, नवरी तीन. रविवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, डोळे मिटून पब्लिशचं बटण दाबलं आणि लिंक टाकली ती थेट परिवाराच्या ग्रुपवर. एकशे सदतीस माणसं आहेत त्यात.

भराभर अंगठे यायला लागले. बाई हरखून गेली. दुपारी जेवताना आमच्या सासूबाई, कुसाबाई, चष्मा चढवून साइट बघत होत्या. पहिल्याच फोटोवर थांबल्या.

"ही आपल्या मैनाची वैष्णवी ना? पोरीचं मोडलं, अन् तू तिची हळद चावडीवर मांडली?"

शुभांगीच्या हातातला घास तसाच राहिला. मैना म्हणजे आमच्या नवऱ्यांची चुलत बहीण, ओझरला दिलेली. शुभांगीला पहिलं काम तिनेच दिलं होतं, लेकीच्या हळदीचं. ती लेक, वैष्णवी, दोन वर्षांपूर्वी कायमची माहेरी आली. का आली ते घरच्यांनी सांगितलं नाही, म्हणून नातेवाइकांनी आपल्या मनाने जुळवलं. शुभांगीला हे माहीत नव्हतं का? होतं. पण फोटो निवडताना तिला नुसती फुलं दिसली. निशिगंधाच्या मिटल्या कळ्यांची ती बिंदी तिला पुन्हा कधी तशी जमली नाही.

तिने लगेच फोटो काढून टाकला. साइट उघडून बघितली तर फोटो तिथेच. पुन्हा काढायला गेली तर साइट जुळवायच्या पानावर तो नाहीच. माझ्या मोबाइलवर, सासूबाईंच्या मोबाइलवर, सगळीकडे वैष्णवी हळदीच्या पिवळ्या साडीत हसतेय. ग्रुपवरची लिंक पुसली, पण तोवर साठेक जणांनी बघितलं होतं. मैनाचा फोन येईल म्हणून शुभांगी घाबरत होती आणि येत नाही म्हणून जास्तच घाबरत होती. आता मैनाने दार बंद केलं तर नात्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. मी म्हटलं, फोनवर काही बोलू नकोस, समोर जाऊन सांग.

माझ्या स्कूटीवर त्याच दुपारी चार वाजता निघालो. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखे गर्दीत अडकलो. मागे तिचं चालूच होतं, आधी पाया पडू की आधी माफी मागू, मैनाताईंनी दारातूनच हाकललं तर. मी वैतागून म्हटलं, हाकललं तर गाडी आपलीच आहे, वळवू. पण खरं सांगते, धास्ती मलाही होती. तो फोटो मी आधी बघितला होता आणि झकास म्हणून मोकळी झाले होते.

मैनाने दार उघडलं. पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि त्याखाली रंगाचा उजळ चौकोन. लग्नाचा फोटो तिथून उतरवलेला. तो चौकोन बघून शुभांगीला रडूच फुटलं. माझं चुकलं मैनाताई, मला तो फोटो काढताच येईना, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

वैष्णवी आतून मोबाइल घेऊनच आली. साइट उघडीच होती. मामी, फोटो खोडल्यावर परत पब्लिश दाबावं लागतं, तुम्ही ते दाबलंच नाही, असं तिने सरळ सांगितलं. शुभांगीने घाईघाईने आपला मोबाइल काढला. बोट बटणापाशी नेलं, तर वैष्णवीने हात धरला.

"नका दाबू," ती म्हणाली. "आईने लग्नाचे सगळे फोटो काढून टाकले. त्यांच्यासोबत मीपण गेले. हळद आपल्या दारातली होती, मामी. ह्या फोटोत मी एकटीच आहे, आणि त्या दिवशी मी खरंच खूश होते."

मैना पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने चहाचं भांडं वाजलं.

लोक काय म्हणतील गं, शुभांगी पुटपुटली. त्यांचं म्हणून झालंय दोन वर्षांत, वैष्णवी म्हणाली. मग फोटोखालच्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"एवढंच बदला. नवरी एक काढा आणि माझं नाव लिहा."

शुभांगीने फोटो पुन्हा लावला. एका बोटाने नाव लिहिलं, तीनदा वाचलं, मला वाचायला लावलं. मग बटण दाबलं.

येताना द्वारकेला पुन्हा अडकलो. मागून ती विचारायला लागली, नवरी दोनचं नाव काय होतं ताई? आणि तीनचं? मला काय माहीत. तिलाही आठवेना. एवढ्या पोरींच्या कपाळावर बिंदी बांधली आणि एकीलाही नाव विचारलं नाही, ह्याचा तिला घरापर्यंत घोर लागला.

सोमवारपासून जुने नंबर काढून ती एकेकीला फोन करतेय. फोटो ठेवू का, खाली नाव काय लिहू, असं विचारते. सुरुवातीला म्हणते, ओळखलं का, मी पाथर्डीची फुलंवाली. मग जराशी थांबते आणि भीत भीत स्वतःचं नाव सांगते.