बागेतल्या दगडावर पिळलेलं लिंबू

मंडळी, तासाभरापूर्वी साताऱ्यात, बागेतल्या एका फिकट दगडावर माझ्या नातीनं लिंबू पिळलं आणि मी दचकून तिचा हात धरला.

सत्तरच्या दशकात, मी सातवीत असताना, याच दगडावर आमच्या गुरुजींनी लिंबू पिळलं होतं. "फेस आला म्हणजे दगड चुनखडीचा, लांबून आणून इथं बसवलेला. आणि हा ठसा बघा, लाखो वर्षांपूर्वीच्या शिंपल्याचा."

तेवढ्यात माणसं धावून आली. "बागेत करणी करतोस व्हय रं?" एकानं गुरुजींची कॉलर धरली. गुरुजींनी आमच्याकडं बघितलं. आम्ही पोरं खाली मान घालून उभी.

आज एका बाईंनी दरडावलं, "आवं, लिंबू कशाला पिळताय हितं?"

"प्रयोग हाय!" मी ओरडलोच.

एवढे दोन शब्द तेव्हा सुचले नव्हते का? सुचले होते, मंडळी.