सरकलेला लाल रंग

आप्पांनी माझी तिन्ही कव्हरं टेबलावर एका ओळीत मांडली. चष्मा कपाळावर चढवला.

"लाल रंग रेषेबाहेर गेलाय. तिन्हीत. हे तू जुन्या पुस्तकावरून स्कॅन केलंयस."

आप्पा साड्यांचे व्यापारी. मूळचे आमच्याच खानदेशातले, दुकान इथल्या कापड बाजारात, पर्वत पाटिया भागात. हौस म्हणून मराठी लोककथांची मालिका काढत होते आणि मी त्यांची डिझायनर. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. पुस्तकात 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. चोरीचा शिक्का बसला असता तर मालिका गेली असती आणि नावही.

"स्कॅन नाही आप्पा. हाताने काढलंय. जुन्या कव्हरांची फक्त पद्धत घेतली."

"पकडला गेलेला प्रत्येक जण हेच सांगतो वं माय. पद्धत घेतली."

पद्धत अशी. पूर्वी प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागायचा, म्हणून दोन रंगांत भागवायचे. मालिकेला चौकट एकच, बदलायचा तो रंग. कागद दुसऱ्या रंगासाठी मशिनवर चढताना थोडा हलायचा आणि रंग रेषेबाहेर पडायचा. मला ते आवडतं. म्हणून मी रंग मुद्दाम सरकवला होता. तसं आप्पांना सांगितलं.

"मुद्दाम सेकंड माल कोण काढतं?" आप्पा म्हणाले. सेकंड म्हणजे छपाईत बिघडलेला, स्वस्तात काढायचा माल. "मार्केटमधे चोर असाच सापडतो. दुसऱ्याच्या साडीतला फॉल्टसुद्धा कॉपी करतो."

"लॅपटॉपवर फाईल दाखवते."

"फाईल काय, मागून पण बनते."

मला वाटलं, यांना मी नकोच आहे. हीच कव्हरं दुसऱ्याकडून करून घेणार. उचलून घ्यावीत म्हणून हात पुढे केला, आणि तेव्हा मलाच दिसलं. कव्हरवरच्या बाईच्या चेहऱ्याचा लाल डावीकडे गेला होता. तिच्या बांगड्यांचा उजवीकडे.

"आप्पा, छापताना कापड हललं तर रंग कुठे जातो?"

"एका बाजूला. सगळाच्या सगळा."

"मग हे बघा."

त्यांनी धागे मोजायचं भिंग काढलं. चेहरा पाहिला, बांगड्या पाहिल्या, पुन्हा चेहरा.

"हे मशिनचं काम नाही."

"तेच सांगतेय मघापासून."

"चोरी नाही, कबूल. पण चूक आहे. असा दोन्हीकडे रंग कोणत्या मशिनवर गेला होता?"

बरोबर होतं. घरी येऊन सगळा लाल एकाच बाजूला सरकवला. पुस्तकं निघाली, आत माझं नाव आहे. छापण्याआधी आप्पा जुन्या पुस्तकांच्या दुकानात कव्हरं दाखवून आले, कुणी ओळखतं का ते बघायला, असं मागाहून कळलं.

जुनं हुबेहूब साधलं की ते चोरीचं वाटतं. म्हणून चुकलेली फाईल मी जपून ठेवलीय. चित्र मीच काढल्याचा माझ्याकडे पुरावा तेवढाच आहे.