काकी बसल्या की चार्ज होणारा फोन

"याला कामावरून काढू की ठेवू, तेवढं तू सांग," असं म्हणून सुलभाकाकींनी फोन माझ्या हातात दिला.

मी गोंधळलो. मी फोन चार्ज होत नाही म्हणून आलो होतो. माणसं काढण्या-ठेवण्यातलं मला काही कळत नाही.

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटलं की एका कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात काम करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पूर्णगडला आमच्या वाडीत पंपापासून मिक्सरपर्यंत सगळं मला येतं, असं धरून चालतात. येत नाही, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. दुकानाच्या सरांनी त्या दिवशी मला पहिल्यांदाच एकट्याला साइटवर पाठवलं होतं.

सुलभाकाकी मासळीच्या व्यापारी. मांडवीला त्यांचं एका खोलीचं ऑफिस आहे. संध्याकाळी बोट किनाऱ्याजवळ येऊन रेंज मिळाली की तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, त्यांना फोन लावतो आणि काय माल आहे ते सांगतो. काकी जेटीवर उभ्या राहून फोनवरच भाव ठरवतात. फोन लागला नाही तर तांडेल दुसऱ्या व्यापाऱ्याला लावतो. नुकतीच बरीचशी सुरमई अशीच हातची गेली होती. त्याचा राग बाबल्यादादावर निघत होता. बाबल्यादादा चाळिशीचा, काकींकडे बिलं करतो.

"दुपारी मी फोन या कॉम्प्युटरला लावते नि घरी जाते," काकी म्हणाल्या. "जेवते, जरा पडते. आले की बघते तर बॅटरी होती तितकीच. सकाळी मी इथे बसलेली असते तेव्हा बरा चार्ज होतो. हा एकटा बसला की हल्ली नाय होत. आधी व्हायचा. म्हणजे हा मेला माझी वायर काढतो नि आपला फोन लावतो."

"काकी, आईशपथ, मी हात नाय लावला."

"तू कशालाच हात लावत नायस, ते ठाऊक आहे मला."

मी विचारलं, "फोन भिंतीवरच्या चार्जरला का नाही लावत?"

"व्होल्टेज वर-खाली होऊन चार्जर उडतात. कॉम्प्युटरला यूपीएस आहे."

मुद्दा बरोबर होता. तरी मी समजावलं की कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट म्हणजे चार्जर नाही. तो मुळात माहिती नेण्या-आणण्यासाठी असतो, वीज जाता जाता थोडी देतो. म्हणून फोन हळू भरतो.

"हळू भरू दे. पण भरू दे," काकी म्हणाल्या.

मी वायर बदलून पाहिली. पुढचा पोर्ट खाऱ्या हवेने गंजलेला दिसला, म्हणून मागच्या पोर्टला लावलं. मग फोनच्या भोकात टॉर्च मारला. आत काहीतरी चमकत होतं. टूथपिकने अलगद काढलं, तर माशाचं खवलं.

मला फार आनंद झाला. मी खवलं कागदावर ठेवून दोघांना दाखवलं. फोन चार्ज व्हायला लागला. काकी खूश होऊन जेवायला गेल्या. बाबल्यादादाने तर माझ्यासाठी चहा मागवला.

चहा संपायच्या आत चार्जिंग थांबलं.

बाबल्यादादा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. संशय नको म्हणून. "बघितलंस ना? मी हाललो तरी काय?"

खरंच तो हलला नव्हता. कॉम्प्युटरची स्क्रीन मात्र काळी झाली होती. मी माऊस हलवला. स्क्रीन उजळली आणि फोन टुंग करून परत चार्ज व्हायला लागला. आम्ही पुन्हा कशालाही हात न लावता बसून राहिलो. पुन्हा स्क्रीन काळी, पुन्हा चार्जिंग बंद.

याला स्लीप मोड म्हणतात. कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही की वीज वाचवायला तो झोपतो. काही कॉम्प्युटर झोपेतही यूएसबीला वीज देतात. हा देत नव्हता.

काकी सकाळी त्यावर कामं करायच्या, म्हणून तो जागा असायचा. पण पूर्वी दुपारीसुद्धा चार्ज होत होताच ना?

"दादा, हे कधीपासून होतंय?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "पत्ते गेल्यापासून."

दुपारी तो कॉम्प्युटरवर पत्त्यांचा गेम खेळायचा. काकींनी पकडलं आणि गेम काढून टाकायला लावला. काढायला आमचे सरच आले होते.

काकी परत आल्या. "काय मग? वायर कोण काढतंय?"

"कोणी नाही. कॉम्प्युटर झोपतो."

"दुपारचा?"

"हो."

"मग आधी कसा नाय झोपायचा?"

बाबल्यादादा माझ्याकडे बघत होता. खोटं बोलावं तर वायरचा आळ तसाच राहणार. "आधी दादा दुपारी माऊस हलवत होते."

"कशाला?"

"पत्ते."

काकी खुर्चीत बसल्या. "म्हणजे हा खेळत होता म्हणून माझा फोन भरत होता?"

"टेक्निकली, हो."

बाबल्यादादा ताठ झाला. "मी काम करत होतो ते तुम्हाला दिसलं नाय, काकी."

काकींना हसू आवरेना. "आता रे काय करू? या मेल्याला पत्ते परत देऊ?"

बाबल्यादादाचा चेहरा उजळला. आणि मी, मनापासून मदत करायची म्हणून, घाईघाईने म्हणालो, "नाही नाही काकी, गरज नाही. सेटिंगमध्ये स्लीप बंद करता येतं. कोणी बसायचीही गरज नाही." आणि करून टाकलं.

बाबल्यादादा मला दारापर्यंत सोडायला आला. "नोकरी वाचवलीस माझी. उपकार झाले," तो हळूच म्हणाला. "पण अर्धा शिकलेला असतास तर बरं झालं असतं रे."

त्या संध्याकाळी जेटीवर काकींचा फोन शेवटपर्यंत चालू राहिला. बाबल्यादादा अजून तिथेच कामाला आहे. दुपारी तो आता पेपर वाचतो.

मी एक मात्र शिकलो. कुठेही गेलो की आधी विचारतो, हे बंद पडायच्या आधी तुम्ही काय बंद केलं होतं? बहुतेक मालक म्हणतात, काही नाही. मग मी खोलीतल्या दुसऱ्या माणसाला विचारतो.