घासात उतरलेली पेटी

फोनवर मी खरं तेच बोललो, एवढीच माझी चूक.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर मिसळ खात होतो. हवा तपासायला आम्ही आभाळात सोडलेल्या फुग्याखालची पेटी पॅराशूटनं कुठंतरी उतरली होती आणि ड्रायव्हर आणि मी तिच्याच मागावर निघालो होतो. पेटीवर माझा नंबर लिहिलेला असतो. फोन वाजला. पलीकडे एक बाई होती.

"साहेब, तुमचं खोकं आमच्या लसूणघासात पडलंय. उचलून घरात ठिवू का?"

"ठेवा, येतोच," म्हणालो असतो तर विषय तिथंच मिटला असता. पण तोंडात पाव असताना मी ओरडलो, "हात लावू नका हां ताई! त्यात किरणोत्सारी कण आहेत!"

बाई त्या वेळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर रांगेत उभी होती. दोन्ही हातांत किटल्या, म्हणून फोन कट्ट्यावर ठेवून स्पीकरवर टाकलेला. हे मला नंतर कळलं. रांगेला मात्र तेव्हाच सगळं कळलं.

तसं माझं काम निरुपद्रवी आहे. फार उंचावर, विमानांच्याही वर, हवेतल्या धुळीला चिकटून असे कण फिरत असतात. काही जमिनीतून वर गेलेले, काही तिथंच तयार झालेले; सगळा निसर्गाचाच कारभार. पेटीतला पंप ती विरळ हवा ओढतो. हवा एकाखाली एक बसवलेल्या छिद्रांतून जाते, जाडे कण पहिल्या तबकडीला चिकटतात, बारीक खालच्यांना. फुगा आणखी वर गेला की तबकड्यांचा नवा संच उघडतो. कुठल्या उंचीवर कुठल्या आकाराचे कण किती, एवढंच आम्हाला हवं असतं. घरी मी हे पिठाच्या चाळण्यांवरून समजावतो. मुलं उठून जातात. बायको ऐकते, म्हणजे भाजी निवडते.

यातले काही कण टिकत नाहीत, तासातासाला कमी होतात. त्यामुळे पेटी सापडली की पुण्याकडे पळत सुटायचं, हा आमचा धर्म.

न्हावऱ्यावरून पुढे भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. पेटी गुरांसाठी लावलेल्या हिरव्यागार घासात छान बसली होती, झाकण घट्ट. आसपास चिटपाखरू नव्हतं. एरवी पेटीभोवती सेल्फीला झुंबड असते. मला वाटलं, काय शहाणं गाव आहे! पेटी गाडीत ठेवली, निघणार, तेवढ्यात ती बाई किटल्या घेऊन आडवी आली.

"तुमचं मिळालं न्हवं? आता माझं काय ते बघा. दूध घेईनात. म्हशींनी ह्याच घासाची पेंढी खाल्लीय म्हणत्यात."

"अहो ताई, त्यात काही नाही."

"मंग तसं तिथं येऊन सांगा. आज परत गेलं, तर उद्याबी जाईल. दोनच म्हशींवर घर हाय माझं."

केंद्रावर माणसं बाजूला सरकली. मला वाटलं मान देतायत.

"साहेब, समद्यांचं एकाच टाकीत मिसळतं," दूध मोजणारा म्हणाला. "टँकर येईलच आता. उद्या काय झालं तर गाव मला धरंल."

मी रुबाबात खिशातला किरण मोजायचा मीटर काढून किटलीवर धरला. मीटर टिक् टिक् करायला लागला.

"वाजलं की वो!" रांग आणखी मागं सरली.

थोडे किरण सगळीकडेच असतात, त्यामुळे मीटर कुठंही वाजतो, हे आधी सांगायचं राहून गेलं. मी तो खांबाला लावला, वजनकाट्याला लावला, शेवटी स्वतःच्या पोटाला लावला. सगळीकडे तीच टिक् टिक्.

"म्हंजी साहेबांच्यातबी हाय," मागून एक म्हातारा म्हणाला. "आन् पोट बघता लई हाय."

मग मी कपभर कच्चं दूध गटागटा प्यायलो. मला दूध सोसत नाही, पण ती वेळ ते सांगायची नव्हती. बाईनं रिकामा कप माझ्या हातातून घेतला.

"तुम्ही पिणारच. त्याचाच पगार घेता. घरच्यांना पाजाल का?"

तिकडे ड्रायव्हर हॉर्न मारत होता. पेटीतले कण कमी होत होते. टँकरचा दिवा वळणावर दिसला. सगळे आकडे मला पाठ होते, एकाही आकड्यात धोका नव्हता. तरी बायकोचा नंबर लावताना अंगठा क्षणभर अडला. का अडला, ते अजून नीट सांगता येत नाही. फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, पेटी पडली तिथल्या म्हशींचं दूध आणू का घरी? त्यांनी तिथलाच घास खाल्लाय."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मागं सरलेली रांग फोनभोवती पुढं आली.

"म्हशीचं ना? मग चार लिटर आणा. पण कशात आणणार? तुमचा तो डबा स्वच्छ असतो का कधी?"

म्हातारा हसला. मग रांग हसली. "ओता वहिनी," दूध मोजणारा म्हणाला, आणि त्याचं मन बदलायच्या आत बाईनं चार लिटर मागं ठेवून बाकी सगळं ओतलं. मागं ठेवलेलं दूध तिनं कासंडीत भरून मला दिलं. "भांडं परत द्या," म्हणाली. हसली मात्र नाही.

पुण्यापर्यंत मांडीवर पेटी आणि पायांत कासंडी. दोन्हीला धक्का नको म्हणून मी रस्ताभर अवघडून बसलो होतो. पेटी पोचवली, घरी आलो, बाईनं काय विचारलं तेही बायकोला हसत सांगितलं. तिनं दूध तापवलं, मुलांना दिलं, स्वतः घेतलं. मुलं पीत होती तेव्हा मी उगाच दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो. तिनं ते पाहिलं.

मुलं उठून गेल्यावर पातेलं विसळत ती म्हणाली, "इतकी वर्षं तुमचे कामाचे कपडे मी मुलांच्या कपड्यांतच धुते. त्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं. मला कधी विचारावंसं का नाही वाटलं हो?"