आपन हरलो

माईक ट्रस्टींच्या हातात होता आणि बोट माझ्याकडे. शाळेचा हॉल भरलेला. पाचवीपासून बारावीपर्यंतची मुलं, शिक्षक, पुढच्या दोन रांगांत पालक. मागच्या पडद्यावर फुटबॉलची फायनल हरलेल्या भारताच्या मुली गवतावर बसून रडत होत्या. ट्रस्टींनी विचारलं, मघाशी टाळी कोणी वाजवली? मुलांसमोर ते नेहमी गुजरातीत बोलतात. हे मराठीत विचारलं, म्हणजे कोणाला विचारलं ते सगळ्यांना कळलं.

मी उभी राहिले. अंगात भारताची निळी जर्सी.

"मी वाजवली, सर. आपन हरलो, पन गोल चांगला होता."

ते हसले. "‘आपन’ नाही, मॅडम. ‘आपण’. बाणातला ण." मग पुढच्या रांगेतल्या मराठी पालकांकडे बघून म्हणाले, "आणि आपण कशाला? आम्ही हरलो. तुम्ही तर टाळ्या वाजवत होतात."

पुढची रांग हसली. ज्यांना मराठी येत नाही ती मुलंही हसली, कारण मोठी माणसं हसत होती. आणि मीही हसले. दात दाखवून, मान खाली घालून. ट्रस्टींचा राग नंतर आला, आधी स्वतःचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आठ वर्षं, कंत्राटावर. शाळा बडोद्यात, कारेलीबागेत, ट्रस्ट जुन्या मराठी घराण्यांचा. ट्रस्टींचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, हे इथे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. माझे वडील, अप्पा, भुसावळकडचे. बडोद्याला रेल्वेत ट्रॅकमन म्हणून आले आणि ट्रॅकमन म्हणूनच रिटायर झाले. आम्ही बौद्ध. हे मात्र कोणाला सांगावं लागलं नाही, आपोआप सगळ्यांना माहीत झालं.

मुलाखतीच्या दिवशी माझं मराठी ऐकून ट्रस्टी खूश झाले होते. "अरे वा, आपल्यातल्याच का?" बडोद्यात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की हा प्रश्न येतोच. मी आडनाव सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणाले आणि फाईल चाळायला लागले. त्यानंतर आठ वर्षांत ‘आपल्या’ हा शब्द माझ्या वाट्याला आला नाही. आमच्या शाळेत. आमच्याकडे. आमच्यात असं चालत नाही. मराठीत ‘आपण’ म्हटलं की समोरचा माणूस आत येतो आणि ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर राहतो. शिवी द्यायची गरज पडत नाही.

मुलींचा फुटबॉल शाळेत कोणाच्या खिजगणतीत नव्हता. आमच्याकडे तीन बॉल, त्यातला एक पंक्चर. गोलपोस्टला जाळी नाही. नवरात्रात मैदानावर गाड्या लागतात, मग महिनाभर चाकांच्या खड्ड्यांत मुलींचे पाय मुरगळतात. जिल्ह्याची स्पर्धा जिंकून आलो तेव्हा ट्रस्टींनी विचारलं होतं, क्रिकेटचं काय झालं?

मग दक्षिण आशियातल्या मुलींच्या स्पर्धेत भारत फायनलला गेला आणि समोर बांगलादेश आला. दोन्ही देशांत तेव्हा बिनसलेलं. टीव्हीवर रोज आरडाओरडा, व्हॉट्सॲपवर त्याहून जास्त. एकदम सगळे जागे झाले. ट्रस्टींचा निरोप आला, हॉलमध्ये मोठा पडदा लावा, झेंडे आणा, पालकांना बोलवा. निरोपात ‘धडा शिकवायचा’ असे शब्द होते. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना मॅच सुरू झाल्यावर मला विचारावं लागलं. पण मी वेडी, मला आनंद झाला. म्हटलं, कशाच्या का निमित्तानं होईना, मुलींचा खेळ बघतील तरी. माझ्या टीमच्या मुलींना मी किट घालून या म्हणाले. शाळेनं त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं.

एक गोष्ट सरळ सांगते. मला भारतच जिंकायला हवा होता. मी स्वतः गुजरातकडून खेळले आहे. भारताच्या कॅम्पच्या निवडीपर्यंत गेले होते आणि शेवटच्या दिवशी परत आले होते. ती निळी जर्सी मला दुकानातून विकत घ्यावी लागली, म्हणून ती माझ्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. आणि बांगलादेशातल्या बातम्या वाचून माझंही डोकं फिरायचं. पण त्याच बातम्यांत हेही होतं की तिथे मुलींनी चड्डी घालून खेळू नये म्हणून काही लोकांनी मुलींचे सामने बंद पाडले. आमच्या रेल्वे कॉलनीत बायका माझ्या आईला हेच सांगायला यायच्या. मग त्या समोरच्या अकरा मुलींचा मी राग कसा करायचा? तिथल्या पुढाऱ्यांचा करीन, टीव्हीवर ओरडणाऱ्यांचा करीन. हे वेगवेगळं ठेवता येतं असं मला वाटायचं.

ट्रस्टींना ठेवता येतं. त्यांचा मुलगा परदेशात राहतो, तिकडचा नागरिक झाला आहे. वर्ल्ड कप आला की तिकडच्या टीमची जर्सी घालून फोटो पाठवतो आणि ट्रस्टी तो फोटो स्टाफरूममध्ये येऊन दाखवतात. आम्ही सगळे छान छान म्हणतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू कोणाचा? ट्रस्टींनी त्या दिवशी टाळी वाजवली असती तर तिला खिलाडूवृत्ती म्हटलं असतं.

तर तो गोल. खेळ संपायला थोडा वेळ राहिलेला, बरोबरी. त्यांच्या सात नंबरच्या मुलीनं डावीकडून बॉल घेतला, आपल्या दोघींच्या मधून काढला. आपली गोलकीपर पुढे आलेली तिनं बघितली आणि बॉल अलगद तिच्या डोक्यावरून उचलला. घाई नाही, ताकद नाही. माझे हात आपोआप वर गेले. टाळी वाजली. मागून माझ्या मुलींच्याही टाळ्या वाजल्या. बाकी हॉल चिडीचूप.

ही सवय मीच त्यांना लावलेली. गोल चांगला असेल तर दोन्ही बाजूंनी टाळी वाजवायची, कोणी का मारेना. मला ती रेल्वेच्या मैदानावर लागली. आमच्या कॉलनीत एक बंगाली गार्ड होते, आम्ही त्यांना गार्डकाका म्हणायचो. ड्युटी नसेल तेव्हा सगळ्या पोरापोरींना खेळायला शिकवायचे. त्यांचे आईवडील जीव मुठीत धरून घर सोडून आलेले, आता जो बांगलादेश आहे तिथून. तरी तिकडचा कोणी चांगला खेळला की ते सगळ्यांत आधी टाळी वाजवायचे. मी विचारलं होतं, राग नाही येत का? ते म्हणाले होते, येतो, पण बॉलवर कशाला काढू. त्यांनी मला कधी आडनाव विचारलं नाही. लेफ्ट पायानं मार, एवढंच सांगायचे.

आता त्या ‘आपन’चं सांगते. घरी आम्ही असंच बोलतो. पानी, लोनी, कोन, आपन. दुसरीत असताना बाईंनी मला वर्गापुढे उभं केलं आणि पाणी म्हणायला लावलं. मी पानी म्हणाले. पुन्हा म्हण. पानी. वर्ग हसून हसून लोळला. बाई म्हणाल्या, "असू दे, बस. तुमच्यात असंच बोलतात." त्या दिवसापासून मी आरशासमोर उभी राहून बाण, कण, पाणी घोकलं. वर्षभरात जीभ वळली. मग मी अप्पांना सुधारायला लागले. पाहुण्यांसमोर त्यांचं वाक्य मध्येच तोडून पाणी म्हणा, पाणी म्हणा, असं सांगायची. अप्पा हसून सोडून द्यायचे. एकदा म्हणाले, "पानी म्हनलं तं तहान भागत न्हाई का?" मला तेव्हा त्यांचीच लाज वाटली होती. एवढं घोकूनही त्या दिवशी हॉलमध्ये घरचा न तोंडातून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलबेननी बोलावलं. बाई वाईट नाही, फक्त घाबरट आहे. काही पालकांनी तक्रार केली होती, कोणीतरी माझा टाळी वाजवतानाचा व्हिडिओ फिरवला होता. सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर माफी वाचायची, विषय संपला. टाइप केलेला गुजराती कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बे ज लाइन छे बेन, वांची नाखो ने." दोनच ओळी, वाचून टाका. पुढच्या महिन्यात कंत्राटाचं नवीन वर्ष, याचीही आठवण करून दिली. गोड आवाजात.

मी कागद घेऊन घरी आले. अप्पांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मागून टाक. आपन आजवर किती येळा मागितली, मोजली का कधी?"

मी वाचणारच होते. खरं सांगते, वाचणारच होते. चुकू नये म्हणून मोठ्यानं म्हणून बघत होते, तेव्हा एका अक्षराशी अडखळले. गुजरातीत ‘आपणा’ म्हणजे आपला, सगळ्यांचा. आणि ‘आपना’ म्हणजे तुमचा, आदरानं म्हटलेला. कागदावर होतं, ‘आपना देशनी हार वखते में ताळी पाडी.’ तुमच्या देशाच्या पराभवाच्या वेळी मी टाळी वाजवली.

मला वाटलं, टायपिंगची चूक. शाळेच्या क्लार्कना फोन केला. म्हटलं, भाई, तिथे ण हवा ना, मी पेनानं करून घेऊ का? ते हळूच म्हणाले, "भूल नथी, बेन. साहेबे ज आवुं लखाव्युं छे."

चूक नाही. साहेबांनीच असं लिहवलंय.

मी तशीच खुर्चीत बसून राहिले. माझ्या न ला भर हॉलमध्ये हसणाऱ्या माणसानं स्वतः न लिहवला होता. माझा न आईबापाच्या घरातून आलेला. त्यांचा न व्याकरणशुद्ध, विचार करून घातलेला. मी सोमवारी सगळ्या शाळेसमोर, माझ्या तोंडानं, माझ्या मुलींच्या देखत म्हणायचं की हा देश तुमचा आहे आणि मी तुमची माफी मागते. आणि मी मूर्ख, पेन घेऊन त्यांचं शुद्धलेखन तपासायला बसले होते.

शनिवारी सरावाला आमची गोलकीपर जवळ आली. नववीतली मुलगी, फार बोलत नाही. खाली बघत विचारलं, "टीचर, तो हवे सारो गोल होय तो पण ताळी नहीं पाडवानी?" आता चांगला गोल झाला तरी टाळी वाजवायची नाही का? बाकीच्या मुली बॉल सोडून उभ्या होत्या. जा, गोलमध्ये उभी राहा, मी एवढंच म्हणाले. ती गेली. तिनं मान हलवली नाही, काही नाही, नुसती गेली. ते मला ट्रस्टींच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी प्रार्थना झाली. ट्रस्टी मुद्दाम आले होते, एरवी ते सकाळी येत नाहीत. मी माईकपाशी गेले. कागद उघडलाच नाही. गुजरातीत म्हणाले की मी टाळी वाजवली, कारण गोल चांगला होता, आणि पुन्हा असा गोल झाला तर पुन्हा वाजवीन. म्हणाले की मला भारत जिंकायला हवा होता आणि मी घरी जाऊन रडले. म्हणाले की टाळीबद्दल माफी मागणार नाही. मग ट्रस्टींकडे वळून मराठीत बोलले, जीभ न वळवता, घरी बोलते तशी.

"आपन हरलो, सर. तुमी नाही. आपन."

त्या वेळी कोणी हसलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. शेवटच्या रांगेतही नाही. मुलींना दोष देत नाही, त्यांच्या बाजूला त्यांचे वर्गशिक्षक उभे होते.

त्यानंतर टीममधल्या पाच जणींना पालकांनी काढून घेतलं. बॉलच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. स्टाफरूममध्ये मी गेले की दोघी-तिघींना एकदम वर्ग आठवतो. काल प्रिन्सिपलबेननी पुन्हा एक कागद पुढे केला, राजीनाम्याचा. म्हणाल्या, ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहा, दुसऱ्या शाळेत अडचण येणार नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगते.

मी तो परत दिला. वैयक्तिक काही घडलेलं नाही. मला काढायचं असेल तर काढा, तो अधिकार तुमच्याकडे आहे. पण कारण तुम्ही लिहायचं. शाळेच्या कागदावर, शिक्का मारून, ट्रस्टींच्या सहीनं, की या बाईनं एका चांगल्या गोलला टाळी वाजवली म्हणून तिला काढलं. तोंडी मी काही ऐकणार नाही. तो कागद हातात पडेपर्यंत मी रोज सकाळी सात वाजता मस्टरवर सही करणार आणि राहिलेल्या मुलींना मैदानावर पळवणार, बॉल असो नसो. आणि कागद मिळाला की त्याच्या झेरॉक्स काढून ज्या ज्या दारात नेता येईल त्या दारात नेणार. लिहायला ते घाबरतील. घाबरू दे.